विद्यापीठाच्या जलविज्ञान गटात कोण काय करतं, आणि नव्या माणसानं कुणाजवळ बसावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एका विद्यार्थिनीचं भूशास्त्रात एमएस्सी झालंय, नेटही झालंय आणि एका विद्यापीठातल्या जलविज्ञान संशोधन गटात जेआरएफ म्हणून, म्हणजे फेलोशिप घेऊन संशोधन करायला, तिला बोलावणं आलंय. ती विचारते, अशा गटात कोणकोणती माणसं असतात, कोण काय करतं, हल्ली सगळं संगणकातल्या मॉडेलवर चालतं तर क्षेत्रकामाला कितपत अर्थ उरलाय, आणि गट बरा की वाईट हे आत शिरण्याआधी कसं ओळखायचं.

माझ्या नोकरीचा बहुतेक काळ अशाच गटांमध्ये उपकरणं आणि क्षेत्रकाम सांभाळण्यात गेला. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकेल, आणि ते तसं झुकावं असंच मला वाटतं. सरळ सांगतो: ओढ्यावरची मोजपट्टी रोज कोण वाचतं, ती नोंद पुढे कुणाच्या हातात जाते आणि ही माणसं किती वर्षं टिकून आहेत, हे विचारा. गटाबद्दलची निम्मी माहिती तिथेच मिळते. बाकीची निम्मी शोधनिबंधांच्या यादीत सापडेल, पण ती यादी कुणीही वाचू शकतं.

आपल्याकडे जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असलेली विद्यापीठं फार थोडी. रुडकीला युनेस्कोच्या मदतीनं १९७२ मध्ये हा विषय सुरू झाला, तो विभाग आज आयआयटीत आहे. महाराष्ट्रात हे काम विखुरलेलं आहे. कुठे भूशास्त्र विभागात, कुठे स्थापत्य अभियांत्रिकीत, कुठे भूगोलात, तर कृषी विद्यापीठांत मृद व जलसंधारणाच्या बाजूला. आयआयटी मुंबईत स्थापत्य विभाग आहे तसं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र, सितारा, तेही आहे. राज्य शासनाच्या पोकरा या शेती प्रकल्पातले गावांचे पाण्याचे ताळेबंद आयआयटी मुंबईच्याच मदतीनं उभे राहिले. तुम्ही भूशास्त्राच्या, त्यामुळे तुमच्या शेजारच्या टेबलावर स्थापत्यवाला किंवा संख्याशास्त्रवाली बसली तर बिचकू नका. या विषयात सगळे दुसरीकडूनच आलेले असतात.

आता माणसांकडे येतो, आणि सुरुवात मोजपट्टीपासून करतो.

तुम्ही सांगलीच्या. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका, हे तुमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ती झाली पाण्याची उंची. पुलाखालून सेकंदाला किती पाणी गेलं, हे त्या फुटांवरून आपोआप कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या पातळ्यांना नदीत उतरून, नाहीतर पुलावरून किंवा बोटीतून, वेग मोजावा लागतो आणि पातळी व विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) यांचा आलेख बांधावा लागतो. त्याला रेटिंग कर्व्ह म्हणतात. तुमच्या गावी तर तो आलेखही एकच एक धरून चालत नाही. खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगा. त्या दोघी फुगल्या असल्या की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं, आणि पुलावर तीच पातळी दिसत असताना प्रत्यक्षात पाणी कमी वाहत असतं. पातळीला विसर्ग समजण्याची चूक भल्याभल्यांच्या लिखाणात सापडते.

विद्यापीठाचा गट सहसा एवढी मोठी नदी हातात घेत नाही. तो एखादा ओढा घेतो, त्यावर छोटा बांध घालतो आणि बांधाला व्ही आकाराची खाच ठेवतो. खाच काटकोनी असेल तर तिच्या तळापासून पाण्याची मीटरमध्ये जी उंची, तिचा अडीचावा घात करून १.३८ नं गुणायचं, की सेकंदाला किती घनमीटर, तो विसर्ग मिळतो. हे गणित एकदा हातानं करून बघा. पाणी दहा सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर येतं. अकरा सेंटिमीटर असेल तर ५.५. मोजपट्टी वाचताना एका सेंटिमीटरची गफलत झाली, की विसर्गात पावपटीहून जास्त चूक शिरली. उन्हाळ्याच्या तोंडाशी ओढा बारीक झालेला असताना हाच आकडा तुमच्या प्रबंधात 'भूजलाचं योगदान' म्हणून जाणार आहे.

आणि तो सेंटिमीटर वाचणारा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा गावातलाच एखादा तरुण, कधी शाळेतले शिपाई, कधी ज्याच्या शेतात बांध घातला त्याच्या घरची सून. महिन्याला मानधन ठरवलेलं असतं, ते प्रकल्पाच्या किरकोळ खर्चातून जातं आणि पुष्कळदा उशिरा जातं. सकाळी साडेआठला पर्जन्यमापक आणि मोजपट्टी, पावसाळ्यात संध्याकाळीही एकदा. पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं, म्हणजे लॉगर, आले तेव्हा अनेक गटांनी या माणसांना रजा दिली. दर पंधरा मिनिटांनी यंत्र नोंद करत असताना रोज एकदा वाचणारा माणूस कशाला, असा हिशेब. हा हिशेब का चुकतो ते सांगतो.

सह्याद्रीतल्या ओढ्याला पूर येतो तो तास-दोन तासांत चढतो आणि तितक्याच झपाट्यानं उतरतो. येताना पालापाचोळा, फांद्या, कधी अख्खा ओंडका घेऊन येतो. यातली एखादी फांदी खाचेत अडकली की बांधामागे पाणी चढतं. लॉगर इमानदारीनं चढलेली पातळी लिहितो, सूत्र इमानदारीनं तिचा विसर्ग काढतं, आणि कधीच न आलेला पूर तुमच्या फाईलमध्ये तयार होतो. वाचकाच्या वहीत मात्र शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो. तिथे तो लिहितो: 'खाचेत करंजाची फांदी, ६.४० ला काढली.' या एका ओळीवरून तो खोटा पूर ओळखून वगळता येतो. मी नव्या पोरांना लॉगरची फाईल देण्याआधी ही वही देतो आणि फक्त शेऱ्याचा रकाना वाचून काढायला सांगतो. 'वरच्या बाजूला मोटार लावली', 'म्हशी पाण्यात', 'पट्टीवर गाळ बसला, घासून काढली', 'पाऊस नाही पण पाणी गढूळ, वर जेसीबी चालू'. त्या पाणलोटात वर्षभर काय झालं ते तिथे सगळं असतं, आणि कुठल्याही संवेदकाला ते टिपता येत नाही.

वाचकानंतर येतो तंत्रज्ञ. विद्यापीठाच्या कागदांवर त्याचं पद प्रयोगशाळा सहायक किंवा तांत्रिक सहायक असं असेल. बांध कुठे घालायचा, मोजपट्टीचा शून्य कुठल्या पक्क्या खुणेला बांधायचा, पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर नदीत कसा धरायचा, हे त्याच्या हातात असतं. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर एकदा वेग घ्यायचा, खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांशावर घेऊन सरासरी काढायची. पुरात उतरणं शक्य नसेल तर तरंगतं काही सोडून वेळ लावायची आणि पृष्ठभागाचा वेग सुमारे ०.८५ नं गुणायचा. पुस्तकात हे एका परिच्छेदात आहे. पण कमरेएवढ्या पाण्यात पाय कसे रोवायचे, मीटरच्या किती खालच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे आपल्याच पायांचे भोवरे मोजले जात नाहीत, आणि कुठल्या क्षणी मोजणी सोडून बाहेर यायचं, हे शिकायला त्याच्याच सोबत पाण्यात उतरावं लागतं.

तंत्रज्ञाला विचारायची आणखी एक गोष्ट, दाबाची. विहिरीत सोडतात तो साधा लॉगर पाण्याचा आणि त्यावरच्या हवेचा असे दोन्ही दाब एकत्र नोंदवतो. हवेचा दाब एका हेक्टापास्कलनं वाढला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर चढल्यासारखं दिसतं. आपल्या उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास त्याची शिखरं असतात, आणि फरक तीन-चार हेक्टापास्कलचा असतो. म्हणजे शांत पडलेल्या उघड्या विहिरीतही रोज दोनदा तीन-चार सेंटिमीटरची सुबक लाट दिसणार. नवा विद्यार्थी ती लाट पाहून हरखून जातो, झाडांच्या पाणी शोषण्याशी तिचा संबंध जोडतो, आलेख रंगवतो. चांगल्या गटात तंत्रज्ञ त्याला पहिल्याच दिवशी विचारतो, 'हवेचा लॉगर कुठं टांगलायस?' असं विचारणारा माणूस गटात आहे का, एवढं बघा.

तिसरा माणूस अनेक गटांत नसतोच, आणि तो नसणं फार महागात पडतं. तो म्हणजे नोंदी राखणारा. पाऊस कुठल्या तारखेखाली लिहायचा, एवढा साधा वाटणारा प्रश्न घ्या. २००५ च्या जुलैत मुंबईला बुडवणारा पाऊस आपण सगळे '२६ जुलै' म्हणून ओळखतो. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे, म्हणून हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदीत तो २७ तारखेखाली येतो. उपग्रहाच्या पावसाचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. तुमच्या लॉगरचा दिवस रात्री बाराला बदलतो. हे तिन्ही न जुळवता एकत्र ठेवले की पुराच्या आधी की नंतर पाऊस पडला याचाच घोळ होतो, आणि मग मॉडेल का बसत नाही म्हणून पोरं महिनोन् महिने मॉडेलची परिमाणं, म्हणजे त्यात आपण भरायचे आकडे, फिरवत बसतात. जाता जाता, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. एकाच शहरातली ही दोन ठिकाणं. एका पर्जन्यमापकावर अख्खं पाणलोट तोलणाऱ्या माणसानं हे दोन आकडे टेबलासमोर चिकटवून ठेवावेत.

आता मॉडेलवाले. पीएचडीचे विद्यार्थी, पीएचडी झालेले पोस्टडॉक, कधी एखादा पक्का प्रोग्रॅमर. गटाचं बाहेरचं नाव बहुतेक यांच्यामुळेच होतं आणि ते रास्त आहे, कारण पन्नास वर्षांनी पाऊस बदलला तर धरणाचं काय होईल, हे मोजपट्टी सांगू शकत नाही. यांच्या तोंडी तुम्हाला नॅश-सटक्लिफ हा शब्द सतत ऐकू येईल. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये मांडलेलं हे मॉडेल तपासण्याचं माप. १ आलं तर मॉडेल तंतोतंत, ० आलं तर नुसती सरासरी सांगितली असती तरी तेवढंच साधलं असतं. आता यातली मेख बघा. हे माप चुकांचे वर्ग घेतं, त्यामुळे मोठ्या पुराच्या चार दिवसांचं वजन कोरड्या महिन्यांपेक्षा कितीतरी जास्त पडतं. आणि नेमक्या त्याच पुराच्या दिवशी कुणी नदीत उतरून वेग मोजलेला नसतो. तो आकडा रेटिंग कर्व्हची रेघ वर ओढून काढलेला असतो. म्हणजे ज्या आकड्यांवर मॉडेलचा कस लागतो, तेच आकडे सर्वांत कच्चे असतात. शिवाय इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचे कीथ बेव्हन कित्येक वर्षं सांगत आलेत, की एकाच ओढ्याला परिमाणांचे अगदी वेगवेगळे संच सारखेच चांगले बसू शकतात. मग त्यातला खरा कुठला, हे ठरवायला शेवटी झऱ्याजवळ नाहीतर विहिरीवर जावं लागतं.

म्हणून तुमच्या 'क्षेत्रकामाला अर्थ उरलाय का' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की मॉडेल जितकी वाढतील तितका तो वाढेल. भूजलाचा साठा आकाशातून तोलणारे ग्रेस उपग्रह २००२ पासून फार मोलाचं सांगत आले आहेत, पण त्यांना दिसतो शेकडो किलोमीटरचा प्रदेश. साताऱ्याचा एकच जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. इतक्या उंचीवरून बघताना हे दोन्ही एकाच ठिपक्यात मिसळतात.

भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला गटात बहुधा विहिरीवरच्या उपसा चाचण्या मिळतील, म्हणजे मोटारीनं पाणी उपसत पातळी कशी उतरते ते मोजायचं. त्या कामाची कल्पना यावी म्हणून थोडं सविस्तर लिहितो. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा. या दगडाच्या पोटात पाणी फार कमी मावतं. झिजलेल्या बेसाल्टचं विशिष्ट जलदेय, म्हणजे त्यातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, दोन टक्के धरलं, तर विहिरीची पातळी एक मीटर उतरली म्हणजे त्या जमिनीतून जेमतेम वीस मिलिमीटर पाणी गेलं. असं असल्यामुळे चाचणीत सेंटिमीटर-सेंटिमीटरला किंमत असते. पण चाचणीची वेळ तुम्ही ठरवत नाही, वीज ठरवते. शेतीची थ्री-फेज लाईट या आठवड्यात दिवसा असेल तर पुढच्या आठवड्यात रात्री. शेतकरी सांगतो, लाईट रात्री येणार, की जेवण करून विहिरीवर जायचं. मोटार सुरू झाली की पहिली दहा मिनिटं दर मिनिटाला पातळी, मग दोन मिनिटांनी, मग पाच, मग पंधरा. एकजण टेप सोडतो, तो पाण्याला टेकला की वाजतो. दुसरा वेळ पुकारतो, तिसरा लिहितो, चौथा पाइपाच्या तोंडाशी पिंप भरायला लागणारे सेकंद मोजतो. सगळं पाणी पाटानं लांब न्यायचं, नाहीतर तेच झिरपून विहिरीत परत येतं.

सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी दहा सेंटिमीटर उतरली म्हणजे विहिरीच्या स्वतःच्या पोटातलं सुमारे २,८०० लिटर पाणी गेलं. म्हणजे सुरुवातीला मोटार उपसते ते बहुतेक साठलेलं पाणी, दगडातून आलेलं नव्हे. बोअरवेलसाठीची पुस्तकी सूत्रं इथं जशीच्या तशी लावली तर उत्तर चुकतं. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये वेगळी रीत दिली, ती शिकून ठेवा. आणि मोटार बंद झाल्यावर विहीर कशी भरून येते ते मोजायला थांबा. दमलेली मंडळी नेमकी तेव्हाच सामान गुंडाळतात, आणि दगडाबद्दलची सर्वांत स्वच्छ माहिती त्याच तासांत मिळते.

त्या रात्री विहिरीचा मालक तुमच्यासोबत बसलेला असतो. त्याला गटाचा माणूस समजा. विहीर खणताना किती हातांवर मुरूम संपला, कुठं मांजऱ्या दगड लागला, कुठं गेरूचा तांबडा पट्टा आला, कुठल्या कोपऱ्यातून पाझर फुटला आणि शेजारच्यानं बोअर मारल्यावर तो कधी आटला, हे सगळं त्याला माहीत असतं. तुमच्या भूशास्त्राच्या भाषेत हा तयार छेद आहे, तुम्ही फक्त तो खडकाशी ताडून बघायचा. डोंगराळ गावांत बायकांना विचारा. कुठला झरा शिमग्याला आटतो आणि कुठला मृग लागेपर्यंत चालतो, हे पाणी भरणाऱ्या बाईइतकं नेमकं कुणीही सांगत नाही. विचारताना घाई नको, आणि निघताना आपल्याला काय सापडलं ते त्यांना सांगून निघायचं. वर्षानुवर्षं गावात येऊन माहिती नेणारे आणि कधीच काही न सांगणारे गट मी पाहिले आहेत. पुढच्या खेपेला त्या गावात विहिरीचं झाकण उघडत नाही, आणि नंतर येणाऱ्या प्रामाणिक पोरांनाही त्याचा त्रास होतो.

प्रमुखांबद्दल आता. सर म्हणा, मॅडम म्हणा, कागदावर मुख्य संशोधक. बाहेरून वाटतं की त्यांचं काम कल्पना सुचवण्याचं. माझ्या मते त्यांचं खरं काम नोंद तुटू न देण्याचं आहे. शासनाचे बहुतेक संशोधन प्रकल्प तीन वर्षांचे असतात. मंजुरी आली, खरेदीची प्रक्रिया झाली, उपकरणं लागली, तोवर पहिला पावसाळा हातचा गेलेला असतो. उरतात दोन. आणि महाराष्ट्रात दोन पावसाळ्यांवरून काय कळणार? २०१४ आणि २०१५ हातात आले असते तर तुम्ही दुष्काळाचा अभ्यास केला असता. २०१९ मिळालं असतं तर महापुराचा. ओढा तोच, दगड तोच. म्हणून एका प्रकल्पाचा पैसा संपून दुसरा येईपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांत वाचकाचं मानधन कुठून द्यायचं, लॉगरच्या बॅटऱ्या कुठून आणायच्या, याची तजवीज ज्याला जमते तो मोठा गटप्रमुख. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठानं रीट्होल्झबाख नावाचा सव्वातीन चौरस किलोमीटरचा ओढा १९७० च्या दशकाच्या मध्यापासून मोजत ठेवलाय. आपल्याकडचं उदाहरण कर्नाटकातलं. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि फ्रेंच संशोधक मिळून कबिनीच्या खोऱ्यात काम करतात. बांदीपूरच्या जंगलातलं मुळेहोळे हे चारेक चौरस किलोमीटरचं पाणलोट ते २००३ पासून मोजत आले, आणि जवळच बेरंबाडीचं शेतीचं पाणलोट नंतर जोडलं. मुळेहोळ्यात त्यांना दिसलं, की पावसाचं पाणी आधी जाड झिजलेल्या थरात साठतं, झाडांची खोल मुळं त्यातून पितात, आणि भूजलापर्यंत पोचायला मधे काही वर्षं जाऊ शकतात. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे कुणालाच दिसलं नसतं.

दोन माणसं राहिली. जीपचा चालक, ज्याला कुठल्या पावसात कुठला फरशी पूल बुडतो हे पाठ असतं. तो 'आता परत फिरू' म्हणाला की वाद न घालता परत फिरायचं. आणि हिशेब पाहणारे क्लार्क. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही आणि तुमची फेलोशिपही त्यातच अडकते. प्रवासाची बिलं त्याच आठवड्यात द्या.

शोधनिबंधावर कुणाचं नाव यावं, यावर माझं मत पक्कं आहे. लेखक म्हणून नाव यायला लिखाणात आणि विश्लेषणात वाटा असावा, हा नियम मला मान्य आहे. पण ज्या तंत्रज्ञानं बांधाची जागा निवडली, रेटिंग कर्व्ह उभा केला आणि कुठली नोंद टाकून द्यायची ते ठरवलं, त्याचा वाटा विश्लेषणातलाच आहे. त्याचं नाव लेखकांत हवं. आणि वाचकाचं नाव आभारात, पूर्ण नावानं, गावासकट, त्याला विचारून. छापून आलेला निबंध गावात नेऊन त्याच्या हातात द्या, आणि त्यात काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगा.

गट पारखायचा कसा, तर मुलाखतीला जाल तेव्हा त्यांना एक विनंती करा: 'मला तुमचा रेटिंग कर्व्ह बघायचाय.' आलेखावरचे ठिपके बघा. किती वेगवेगळ्या वर्षांत मोजलेत, सर्वांत वरचा ठिपका कुठल्या पातळीला आहे, आणि त्याच्या वर रेघ किती लांब ओढलीय. आलेख लगेच निघाला आणि दाखवणारा माणूस प्रत्येक ठिपक्याबद्दल बोलू लागला, तर तिथं जा. 'तो एका जुन्या विद्यार्थ्याकडे आहे' असं उत्तर आलं तर जपून. मग तिथल्या विद्यार्थ्यांना प्रमुखांच्या गैरहजेरीत भेटा. आधीच्या जेआरएफनं मोजलेला डेटा कुठे ठेवलाय आणि तो तुम्हाला वापरता येईल का, हे त्यांना विचारा. वाचकाचं मानधन वेळेवर जातं का, हेही विचारा. जो गट वाचकाचे पैसे थकवतो तो तुमचेही थकवेल.

मुलगी म्हणून रात्रीच्या चाचण्यांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण घरी विचारतील. मी पाहिलेल्या गटांत मुली रात्रभर विहिरीवर बसतात आणि चोख काम करतात. फक्त सोय आधी लागलेली असावी लागते: सोबत किमान आणखी एक मुलगी किंवा गावातल्या घरची बाई, मुक्काम ओळखीच्या घरी, शौचालयाची व्यवस्था आणि परतीची गाडी जाग्यावर. याची काळजी घेणं हे गटाचं काम आहे, तुमचं धाडस नव्हे. मुलाखतीत स्पष्ट विचारा. प्रश्न ऐकून कुणी नाक मुरडलं तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

पैशांचं सांगायचं तर १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं, दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झालात की ४२,०००. कागदावर हे ठीक आहे, पण हप्ते मागेपुढे होतात, तेव्हा सुरुवातीला तीन-चार महिन्यांची तजवीज घरून ठेवा. आणि रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर मे महिन्यातली घ्या. ओढा कोरडा असतो, बांधामागचा गाळ काढायचं आणि मोजपट्टीचा शून्य तपासायचं काम तेव्हाच चालतं, आणि विहिरींचा तळ दिसतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडेपर्यंत तुम्हाला तिथला प्रत्येक दगड ओळखीचा झालेला असेल. ऑगस्टमध्ये आलात तर सगळं पाण्याखाली असेल आणि कुणाला शिकवायला सवड नसेल.